मीटरभर मागची रेघ

तिन्ही पाकिटं एकाच दिवशी आली. ओळंब्याच्या बायकोला वाटलं, पेन्शनच्या कार्यालयाने पुन्हा कसले तरी कागद मागितले असतील. तिने ती न उघडताच घड्याळामागे खोचून ठेवली. संध्याकाळी ओळंबा कामावरून आला, हातपाय धुतले, चष्मा पुसून लावला आणि एक पाकीट उघडलं. मग दुसरं उघडलं. तिसरं नुसतं हातात धरून बसला.

"काय हो? तोंड का असं झालं?"

"चलान आलंय. सिग्नलला थांबायची रेघ ओलांडली म्हणून."

"कुणी ओलांडली?"

"मी."

तिला हसूच फुटलं. "तुम्ही? अहो, पलंगावरची चादर बोटभर तिरकी झाली तर तुमचा डोळा लागत नाही. उघडा ते तिसरं. दुसऱ्याच कुणाचं असेल."

तिसरंही त्याचंच होतं. तिन्ही फोटोंत धुलाई केंद्राची पांढरी गाडी होती, चालक म्हणून त्याच्याच नावावर नोंदलेली, आणि तिच्या नंबराची पाटी वाचता येत होती. चौकही एकच, पाण्याच्या टाकीचा. खाली छापलं होतं की वर्षात तीन वेळा सिग्नल मोडल्यामुळे लायसन सहा महिन्यांसाठी जमा करावं लागेल आणि हरकत असल्यास पंधरा दिवसांत यावं.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ चढतेय की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. याने मात्र कधी भिंत बांधली नाही. तेहतीस वर्षं याने रस्त्यावर रेघा मारल्या. मधले तुटक पट्टे, कडेच्या पिवळ्या रेघा, झेब्रा, बाण, सगळं. उन्हात तापलेल्या डांबरावर उकळत्या रंगाची पेटी ओढत तो उलटा चालायचा, आणि मागे वळून न बघता रेघ सरळ यायची. गँगमधल्या कुणीतरी एकदा म्हटलं, "याच्या पोटात ओळंबा आहे रे!" तेव्हापासून तो ओळंबा झाला.

त्याच्या जोडीला बायकोचा थोरला भाऊ. त्याचं नाव पडलं दोरी, कारण खडू लावलेली दोरी ताणून धरायचं आणि मापं घ्यायचं काम त्याचं. ओळंबा आणि दोरी अशी जोडी सव्वीस वर्षं टिकली. दोरीनेच आपली बहीण ओळंब्याला दिली होती. गँगमधले चिडवायचे, "माप घेऊनच दिली असणार!"

दोघांचं मापाचं एक वेगळंच तंत्र होतं. त्यांच्याकडची टेप कापडी होती. एकदा तिचं टोक रंगाच्या उकळत्या भांड्यात पडलं आणि पहिला मीटर जळाला. दोरीने कात्रीने तो कापून टाकला. टेप आता एकापासून सुरू व्हायची. त्यामुळे दोन मीटर मोजायचे तर तिनावर धरायचं, पाच मोजायचे तर सहावर. दोरी मोठ्याने म्हणायचा, "दोनाचे तीन!" आणि तिनावर खिळा ठोकायचा. नवीन टेपचा अर्ज साहेबाकडे गेला. टेप आली तीन वर्षांनी, तोवर जुनी अशी अंगवळणी पडली होती की नवी त्यांनी दुसऱ्या जोडीला देऊन टाकली.

पण हे जुनं झालं. आता दोघंही निवृत्त. दोरीला तर दिसतही नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. ओळंबा घरी बसून काय करायचं म्हणून धुलाई केंद्राची गाडी चालवायचा. दवाखान्यांतल्या मळक्या चादरींची गाठोडी आणायची, धुतलेल्या चादरी पोचवायच्या. केंद्राच्या मालकीणबाई त्याला काका म्हणायच्या. चलानाचं कळल्यावर त्यांनी आधी चहा मागवला. बाई चहा मागवून बोलायला लागल्या की बातमी बरी नसते, हे त्याला ठाऊक होतं.

"काका, तुमच्यासारखा माणूस मला मिळणार नाही. पण सहा महिने गाडी उभी ठेवली तर दवाखाने दुसरीकडे जातील. तुम्ही हरकत घ्या. काहीतरी घोळ असणार."

"असणारच," तो म्हणाला. "मी रेघ ओलांडत नाही."

त्याच दुपारी तो टाकीच्या चौकात गेला. पूल दुरुस्तीसाठी बंद झाल्यापासून, म्हणजे महिनाभर, त्याची गाडी इथून जात होती. त्याआधी पाच वर्षांत तो या चौकात आला नव्हता. काम पडलं नाही, असं तो स्वतःशी म्हणायचा. गाडीत तो नजरेने झेब्र्यापासून अंतर धरायचा आणि रेघ जिथे असायला हवी तिथे थांबायचा. इथली रेघ पाच वर्षांच्या टायरांनी इतकी झिजली होती की राखाडी सावली तेवढी उरली होती. माणसाला ती दिसली नसती. कॅमेऱ्याला मात्र ती पाठ होती.

सिग्नल लाल होता तेवढ्यात त्याने खिशातली स्टीलची टेप काढली आणि झेब्र्याच्या कडेपासून मोजलं. दोन मीटर हवे होते. भरले तीन. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त.

हिरवा दिवा लागला. मागून हॉर्न वाजले. एकजण ओरडला, "ओ आजोबा, रस्ता विकत घेताय काय?" ओळंबा टेप गुंडाळत कडेला आला आणि विजेच्या खांबाला टेकून उभा राहिला. वीतभर चूक असती तर ती कुणाचीही असू शकली असती. पुरा एक मीटर चुकणारी जोडी या शहरात एकच होती.

त्याला ती संध्याकाळ आठवली. खरं म्हणजे तो ती विसरलाच नव्हता, तिच्याकडे पाठ करून बसला होता इतकंच.

दोरीची नजर तेव्हा नुकतीच जायला लागली होती. नोकरीची दीड वर्षं राहिली होती. साहेबाला कळलं असतं तर घरी बसवलं असतं. बायकोने ओळंब्याला विनवलं होतं, "दादाला सांभाळून घ्या हो. दीडच वर्षाचा तर प्रश्न आहे." तिने स्वतः एक युक्ती केली. टेपवर प्रत्येक मीटरला जाड दोऱ्याचे टाके घातले. दोनावर दोन टाके, तिनावर तीन, चारावर चार. दोरी अंगठा फिरवून आकडा ओळखायचा आणि मान वर करून असा बघायचा, जणू वाचलाच आहे. मोजमापाच्या वहीतली त्याची सही मात्र रोज थोडी थोडी खाली घसरत होती.

त्या दिवशी टाकीच्या चौकात वाहतूक अडवून धरली होती. साहेब घड्याळ बघत डोक्यावर उभे होते. दोरीचा अंगठा टेपवर चाचपडायला लागला. त्याचा त्रास वाचावा म्हणून ओळंब्याने स्वतःच दोनाचे तीन असा हिशेब केला आणि टेपचं कापलेलं टोक धरल्या जागेवरून सांगितलं, "दादा, तिनावर." आणि दोरी, अकरा वर्षांच्या सवयीने, म्हणाला, "तिनाचे चार!" खिळा ठोकला गेला.

ओळंब्याने पेटी ओढली. रेघ मारून झाल्यावर तो मागे सरला आणि त्याच्या डोळ्याला ते खटकलं. अंतर फार होतं. तेहतीस वर्षांचा डोळा, त्याला मोजावं लागत नाही. पण ताजी रेघ काढायची म्हणजे जाळून खरवडायची. मग साहेब विचारणार, माप कुणी घेतलं? एवढ्यात दोरीने विचारलं, "कशी आली, भाऊजी?"

"सरळ," ओळंबा म्हणाला.

खोटं काही नव्हतं त्यात. रेघ सरळच होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्याने बायकोला हे सगळं सांगितलं. ती ताटं घासत होती. ऐकताना तिचे हात थांबले, पुन्हा चालायला लागले, पुन्हा थांबले.

"हरकत घेतली तर काय होईल?"

"वही काढतील. त्यात माप घेणाऱ्याच्या जागी दादांची सही आहे. त्यांना जबाबाला बोलावतील."

तिने घासलेली ताटं पालथी घातली. मग म्हणाली, "त्याच्याकडे आता दुसरं काय उरलंय हो? दर रविवारी तुम्ही जाता आणि तो तेवढंच विचारतो."

ते खरं होतं. दोरी रस्त्याकडेच्या खोलीत खिडकीशी बसून असायचा. बायको गेलेली, मुलगी परगावी. मांडीवर ती कापडी टेप असायची. सोडायचा आणि गुंडाळायचा. ओळंबा आला की विचारायचा, "आज कुठून आलात, भाऊजी?" ओळंबा रस्त्यांची नावं घेत जायचा आणि दोरी मान डोलवत राहायचा. "त्या वळणावर आपण बाण काढले होते. आहेत का अजून?" "आहेत." "दवाखान्यासमोरचा झेब्रा?" "जसाच्या तसा." मग दोरी टेपवर हात ठेवून म्हणायचा, "सव्वीस वर्षांत आपली एक रेघ चुकली नाही. साहेब लोक आले आणि गेले."

"नका घेऊ हरकत," बायको म्हणाली. "दंड भरून टाका. सहा महिने बसा घरी. मी शिवणाची चार कामं जास्त घेईन."

"मालकीणबाई दुसरा माणूस ठेवतील. या वयात मला परत कोण घेणार?"

"नाही घेतलं तर नाही," ती म्हणाली. मग पदराने हात पुसत, त्याच्याकडे न बघता, "टाके मीच घातले होते ना," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी तो वाहतूक कार्यालयात दंड भरायला गेला. कार्यालय जुनंच, भिंतीला कमरेपर्यंत तेलकट पट्टा, बाकावर माणसं. दंडाच्या खिडकीवर दहा-बारा जण होते, हरकतीच्या खिडकीवर कुणीच नव्हतं. तिथली बाई गुलाबी फायलींच्या ढिगामागे बसून पेन्सिलीला टोक करत होती.

ओळंब्याच्या पुढे एक रिक्षावाला उभा होता, चाळिशीचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्याच्या हातातल्या कागदावरचा फोटो ओळंब्याला दिसला. टाकीचा चौक. चाक रेघेच्या पुढे, झेब्र्याच्या बरंच मागे. अगदी तेवढंच.

"टाकीच्या चौकातलं का?" ओळंब्याने विचारलं.

"तुमचंही? मग या, पार्टी करू!" रिक्षावाला हसला, पण हसणं गालाच्या वर गेलं नाही. "माझं हे दुसरं. पूल बंद झाल्यापासून सगळी रहदारी तिकडून. आमच्या स्टँडवरच्या चौघांना आलंय. एकाचं तर लायसन गेलं, आता दुसऱ्याची भाजी उचलतोय बाजारात."

"हरकत का नाही घेतली?"

"काय सांगायचं हरकतीत? रेघ दिसली नाही म्हणून? ते म्हणतात, काका, चष्मा लावा. ते जाऊ दे. मलाही वाटायला लागलंय की आपलंच लक्ष नसणार. बायको म्हणते तुम्ही हल्ली कशात नसताच."

रांग पुढे सरकली. रिक्षावाल्याने कागद खिडकीत सरकवला. त्याच्या मागोमाग ओळंब्याने जायचं होतं. तो गेला नाही. मागच्या माणसाने कोपराने हलकेच ढोसलं, "ओ, जाताय का?" ओळंबा बाजूला झाला आणि दाराबाहेर जाऊन पायरीवर बसला. आपलं लायसन गेलं असतं तर त्याने ते पोटात घातलं असतं. तो भाजी उचलणारा मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

तो सरळ दोरीच्या घरी गेला. रविवार नव्हता. दोरीने पावलं ओळखली.

"आज कसे काय, भाऊजी? बहिणीला बरं आहे ना?"

"बरी आहे."

"मग? कुठून आलात?"

"टाकीच्या चौकातून."

"हां. तिथली थांबायची रेघ आपलीच. आहे का अजून?"

"झिजलीय." ओळंबा खुर्चीत बसला. सांगायचं कसं, याचा विचार तो वाटभर करत आला होता आणि आता त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं. "दादा, मला तिथे तीन चलानं आली. रेघ ओलांडली म्हणून."

"तुम्हाला?" दोरी मोठ्याने हसला. "काहीतरीच! कॅमेरा आंधळा आहे की काय? माझ्यासारखा?"

"रिक्षावाल्यांनाही आलीत. बऱ्याच जणांना. मी मोजून आलो."

दोरीचं हसणं थांबलं. हात टेपवर गेला. "किती भरलं?"

"तीन मीटर."

खिडकीबाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. दोरी टेपचा अंगठ्याएवढा तुकडा सोडत होता, थांबत होता. दोन टाके. पुढे तीन. मग चार. चार टाक्यांवर त्याचा अंगठा स्थिर झाला.

"तुम्ही तिनावर म्हणालात," तो हळू म्हणाला. "साहेब डोक्यावर उभा होता. मी तिनाचे चार केले."

"चूक माझी आहे. हिशेब तुमचा असायचा, मी मध्ये तोंड घातलं."

"चूक कुणाची ते राहू द्या. चूक होते." दोरीने मान त्याच्या दिशेने वळवली. डोळे थोडे बाजूला, दारावर. "तुम्हाला तेव्हा दिसली होती का?"

ओळंब्याला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणण्याइतका वेळही त्याला मिळाला.

"दिसली होती," तो म्हणाला.

"मी विचारलं होतं. कशी आली म्हणून."

"हो."

"सरळ म्हणालात."

दोरीने टेप गुंडाळायला घेतली. नेहमीसारखी घट्ट नाही, सैल, वेडीवाकडी.

"आणि बाकीच्या?" त्याने विचारलं. "त्या दीड वर्षातल्या? दवाखान्यासमोरचा झेब्रा, शाळेच्या वळणाचे बाण? त्यातल्या किती सरळ होत्या आणि किती तुम्ही सरळ म्हणालात?"

"बाकीच्या सगळ्या बरोबर आहेत, दादा. शप्पथ घेऊन सांगतो."

"सांगाल तुम्ही," दोरी म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि तेच ओळंब्याला सोसवेना. "मला आता जाऊन बघता येत नाही ना."

दोन दिवसांनी दोघं कार्यालयात गेले. दोरीने धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती, हनुवटीखाली थोडी राहिली होती. हरकतीच्या खिडकीवरच्या बाईने दोघांना आत बोलावून खुर्च्या दिल्या. तिने जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला.

"बाबा, दिसत नसताना माप घेत होता, हे लिहू का? नाही लिहिलं तरी चालेल. रेघ चुकली एवढं पुरे आहे."

"लिहा," दोरी म्हणाला. "मला बऱ्याच जणांनी बरंच वाचवलंय. आता पुरे."

बाईने ओळंब्याकडे पाहिलं. ओळंबा समोरच्या फायलींकडे बघत होता. सहीच्या जागी तिने दोरीचं बोट नेऊन ठेवलं.

सगळं रीतसर झालं. महिन्याभरात चलानं रद्द झाली, ओळंब्याची आणि इतरांचीही. जुन्या वहीत दोरीच्या सहीसमोर लाल शाईत "मापात चूक" असं लिहिलं गेलं, एवढीच काय ती शिक्षा. मालकीणबाईंनी पुन्हा चहा मागवला, यावेळी चांगल्या बातमीसाठी. एका सकाळी मशीन आलं आणि दोन माणसांनी मशीनवर बसल्या बसल्या टाकीच्या चौकात नवी रेघ मारली. ओळंबा गाडी घेऊन तिथे थांबला तेव्हा ती पांढरीशुभ्र दिसत होती. दोन मीटर. त्याने मोजलं नाही. पलीकडच्या रांगेतून एका रिक्षावाल्याने हात केला. तोच होता की दुसरा कुणी, ते उन्हात कळलं नाही.

रविवारी तो दोरीकडे गेला. बायकोने भावासाठी डबा दिला होता. दोरी खिडकीशीच होता, हात मांडीवर. टेप दिसली नाही. ती बहिणीकडे पोचली होती. आदल्या आठवड्यात बहीण भेटायला गेली तेव्हा दोरीनेच तिच्या पिशवीत टाकली होती, "टाके उसवून टाक, कापड कशाला तरी होईल" म्हणून. तिने टाके उसवले नव्हते. टेप कपाटात साड्यांखाली ठेवली होती.

ओळंबा खुर्चीत बसला. थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतःच सुरुवात केली.

"आज कारखान्याच्या रस्त्याने आलो, दादा. तिथले आपले बाण अजून..."

"नीट आलात ना?" दोरी म्हणाला.

"हो."

"मग झालं."

आणि त्याने डब्याचं झाकण उघडून, आत काय आहे ते बोटाने चाचपून पाहिलं.